वारली काढायची, पण कोणाला विचारून?

नवी मुंबईत राहणाऱ्याला वारली चित्रं बघायला डहाणूपर्यंत जावं लागत नाही. स्टेशनबाहेरचं कंपाउंड, उड्डाणपुलाचे खांब, शाळेची भिंत, होल्डिंग पाँडच्या कडेचा जॉगिंग ट्रॅक, कुठेही बघा, गेरूसारख्या रंगावर पांढरी माणसं दिसतील. दोन त्रिकोण टोकाला टोक लावलेले, वर एक गोल, काडीचे हातपाय. बहुतेक वेळा ती हात धरून गोल नाचत असतात आणि मध्ये एकजण तारपा वाजवत असतो. मी हे चित्र इतक्या वेळा पाहिलंय की कितीतरी वर्षं मला ते दिसेनासंच झालं होतं, सिग्नलवरच्या हिरव्या चालणाऱ्या माणसासारखं.

ते पुन्हा दिसायला लागलं ते एका कोटेशनमुळे.

आमची सोसायटी खारघरला, टेकडीच्या बाजूला आहे. मागची भिंत २४० फूट लांब, सहा फूट उंच. तिच्या बाहेरून डोंगराकडे जाणारी पायवाट जाते. पावसाळ्यात रविवारी सकाळी तिथे जत्रा असते: ट्रेकिंगचे ग्रुप, सायकलवाले, रील काढणारे, कुत्री फिरवायला आणणारे, आणि उलट्या दिशेने डोक्यावर पाट्या घेऊन उतरणाऱ्या वाडीवरच्या बायका. गेल्या वर्षी कमिटीत ठरलं की भिंतीची बाहेरची बाजू रंगवून घ्यायची, कारण तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या आणि क्लासच्या जाहिराती होत्या. काय काढायचं यावरची चर्चा साधारण चार मिनिटं चालली. कोणीतरी ग्रुपवर एक फोटो टाकला आणि लिहिलं, ‘वारली करूया, आपलं ट्रायबल आर्ट, छान दिसतं आणि सोपं पण असतं.’ बारा अंगठे आले. फ्लॅट आईच्या आणि माझ्या नावावर आहे आणि आईला मीटिंगचा कंटाळा आहे, म्हणून कमिटीत मी आहे. सगळ्यात लहान असल्यामुळे कोटेशन आणायचं काम माझ्याकडे आलं.

पहिलं कोटेशन भिंती रंगवणाऱ्या एका पेंटरचं. चौरस फुटाला ४५ रुपये, म्हणजे ६४,८०० रुपये. फ्लेमिंगो, मधुबनी, वारली, स्वच्छतेचे संदेश, सगळ्याला एकच रेट. ‘वारलीचं तर स्टेन्सिल आहे मॅडम, चार दिवसांत देतो.’ दुसरं कोटेशन माझ्या हॉस्टेलच्या रूममेटमुळे आलं. ती तलासरी तालुक्यातली, वारली समाजाची, आता पुण्यात टेस्टिंगमध्ये नोकरी करते. तिच्या नात्यातला एक चित्रकार आहे. त्याचा दर १८० रुपये, म्हणजे २,५९,२०० रुपये. बरोबर चौपट.

आमचे खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, ‘गोल तोच, त्रिकोण तोच. मग चौपट कशाचे?’

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधण्यात माझे तीन महिने गेले आणि अजूनही काही भाग सुटलेला नाही.

आधी चित्राबद्दल थोडं. वारली समाज मुख्यतः पालघर जिल्ह्यात, म्हणजे डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, मोखाडा या भागात आणि सीमेपलीकडे गुजरात, दादरा-नगर हवेलीत राहतो. त्यांच्याकडे लग्नात घरातल्या कुडाच्या भिंतीवर चौक काढतात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग, आणि टोक चावून ब्रशसारखी केलेली बांबूची काडी. काढणाऱ्या सवासिनी. मोठ्या चौकटीत पालघाट देवी, धाकट्या चौकटीत पंचशिऱ्या देव. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच, आणि ती गाणी म्हणत विधी पुढे नेते. चौक नसेल तर लग्न लागत नाही. लग्न झालं की चित्राचं काम संपतं. मग ते धुराने काळं पडतं, पुढच्या सारवणाखाली जातं, आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

म्हणजे ज्याला आपण सजावट म्हणतो ते मुळात एक काम होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर तो चौक यूआय नव्हताच, तो बॅकएंड होता. त्याच्याशिवाय व्यवहार पूर्ण होत नव्हता.

इथे एक सोपा निष्कर्ष काढता येतो, आणि मी तो दोनेक आठवडे काढून ठेवलाही होता: हे पवित्र आहे, भिंतीवर आणूच नये. पण इतिहास बघितला की तो टिकत नाही. १९६६-६७ च्या बिहारमधल्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी नावाच्या चित्रकाराला मिथिलेत पाठवलं. तिथल्या बायका भिंतीवर काढायच्या ते कागदावर काढून घ्यायचं, म्हणजे विकता येईल आणि घरात पैसे येतील, अशी कल्पना. हेच कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डहाणूकडे आले. कागद दिला, रंग दिला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नकार्याची वाट न बघता रोज चित्रं काढायला सुरुवात केली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. मासे पकडायचं जाळं, मुंग्यांची वारुळं, भाताची खळी, हे सगळं त्यांनी अशा बारीक रेषांनी काढलंय की स्क्रीनवर झूम करत राहावं.

तर कागदावरची, कॅनव्हासवरची, ‘अस्सल’ म्हणून फ्रेम करून विकली जाणारी वारली ही मुळातच कोणीतरी बाहेरून येऊन मागितल्यामुळे जन्माला आली. मागणं हेच पाप असेल तर मशे यांची चित्रंही त्या पापात आली, आणि असं म्हणायची माझी तयारी नाही.

रूममेटला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, ते सगळं ठीक. पण एक लक्षात घे. माझी आजी चौक काढायची. तिला कोणी कधी कलाकार म्हटलं नाही. मामा कागदावर काढतो, तो कलाकार.’ बायकांच्या हातातली गोष्ट बाजारात आली तेव्हा तिच्यावर नाव आलं, आणि पहिली मोठी नावं पुरुषांची होती. पवित्र-अपवित्राच्या वादापेक्षा मला हे जास्त टोचलं. मागणाऱ्याने काय मागितलं यावर कोणाचं काय होणार हे ठरतं, आणि मागणारा बहुतेक वेळा तेवढा विचार केलेला नसतो. त्याला भिंत भरायची असते.

आता ‘सगळ्यांचं आहे’ या मुद्द्याकडे येते, कारण आमच्या ग्रुपवर तोच सगळ्यात जास्त चालला. लोककला कोणाच्या बापाची नसते, ती समाजाची असते, म्हणून कोणीही काढावी. ऐकायला उदार वाटतं.

माझ्या धंद्यात याच्यासारखी एक गोष्ट आहे. इंटरनेटवर एखादा कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला असतो, पण सोबत लायसन्सची फाइल नसते. नवीन मुलांना वाटतं, लायसन्स नाही म्हणजे फुकट. नियम नेमका उलटा आहे. लायसन्स नाही म्हणजे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे. आणि जी लायसन्स अगदी सैल, वाटेल ते करा म्हणणारी असतात, त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध एमआयटी लायसन्ससुद्धा एक अट घालतंच: आमचं नाव आणि हा मजकूर काढू नका. जगभरचे मोठमोठे प्रकल्प या एका अटीवर चालतात आणि कोणी कुरकुरत नाही. वारलीबाबत आपण नवीन मुलांसारखं वागतो. लायसन्सची फाइल दिसत नाही, घ्या कॉपी करून.

पण ही तुलना एका जागी अडते. कोडला लेखक असतो. चौकाचा लेखक कोण? कायद्यानेही इथे हात टेकलेत. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक, म्हणजे आपण ज्याला जीआय टॅग म्हणतो तो मिळाला. डहाणूकडच्या आदिवासी तरुणांच्या संघटनेने तो मिळवला, ही मोठी गोष्ट आहे. पण जीआय नावाला संरक्षण देतो. ‘वारली पेंटिंग’ म्हणून भलतंच काही विकू नका, एवढं तो सांगतो. गोल आणि दोन त्रिकोण काढू नका, असं तो सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. कॉपीराइट एका माणसाच्या एका चित्राला लागतो, शैलीला नाही. मधली जागा, म्हणजे एका समाजाने शेकडो वर्षं सांभाळलेली रीत, कायद्याच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून खाली पडते.

ऑस्ट्रेलियात या फटीत हात घालायचा एक प्रयत्न झालाय. जॉन बुलुन बुलुन हे तिथल्या गनालबिंगू समाजाचे चित्रकार. त्यांचं चित्र एका कंपनीने न विचारता कापडावर छापलं. १९९८ च्या निकालात तिथल्या न्यायालयाने म्हटलं की कॉपीराइट चित्रकाराचाच, समाज त्याचा सहमालक नाही. पण ज्या विधीच्या ज्ञानातून हे चित्र आलं ते समाजाचं आहे, त्यामुळे चित्रकार समाजाला बांधील आहे. चित्राचा गैरवापर झाला तर तो थांबवणं हे त्याचं कर्तव्य आहे. मला हे वाचून बरं वाटलं, कारण यात मालकी हा शब्दच मागे पडतो. चित्रकाराकडे चित्राची मालकी आहे आणि शिवाय कोणाला तरी उत्तर देण्याची जबाबदारी आहे. स्टेन्सिलकडे अशी जबाबदारी नसते. चौपट कशाचे, याच्या उत्तराचा एक तुकडा मला इथे मिळाला.

त्याच देशातली त्याआधीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने डॉलर आणला तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर झाडाच्या सालीवरचं एक आदिवासी चित्र घेतलं. ते डेव्हिड मलांगी यांचं होतं आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. बोभाटा झाल्यावर त्यांना हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान देण्यात आलं. अख्ख्या देशाच्या खिशात तुमचं चित्र, आणि तुम्हाला गळ! आपण हसतो, पण आपल्याकडच्या किती टीशर्टांवर, पडद्यांवर, दिवाळीच्या जाहिरातींमध्ये वारली आहे ते मोजा, आणि कोणाला गळ तरी मिळाला का ते विचारा.

हे सगळं मी पुढच्या मीटिंगमध्ये थोडक्यात मांडलं. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘अगं, मला एक सांग. आता पेंटर ठेवताना आपण त्याची जात विचारायची का? आणि हा ४५ वाला काय अंबानी आहे?’

तो खरंच नाही. तो बुलढाण्याकडचा आहे. आर्ट टीचर डिप्लोमा केलाय, शिक्षकाची नोकरी लागली नाही, कळंबोलीत भाड्याच्या खोलीत राहतो आणि दोन मुलांना हाताशी घेऊन भिंती रंगवतो. ६४,८०० रुपयांतून रंग, शिडी, मुलांची मजुरी वजा करून त्याच्या हातात काय राहणार होतं ते मी मनात मोजलं. त्याने वारली काढली तर त्याने कोणाचं काय चोरलं? चित्रकाराचं काम मागताना आधी आडनाव सांगा, असं म्हणणाऱ्या देशात मला राहायचं नाही. आणि हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही टोचते. उद्या रूममेटच्या भाचीला जेजेमध्ये जाऊन नुसते निळे चौकोन काढायचे असतील तर? आदिवासी आहेस ना, मग वारली काढ, असं तिला सगळे आर्ट फेस्टिव्हलवाले सांगणार. सन्मानाच्या नावाखाली आपण तिला एका भिंतीपुढे उभं करून ठेवणार.

मी त्या पेंटरला भेटायला गेले. त्याच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांना दाखवायचे फोटो होते आणि एक वेगळा फोल्डर होता, जो त्याने मागितल्यावर दाखवला. त्यात त्याची स्वतःची चित्रं: कापसाच्या गाड्या, जिनिंगच्या बाहेरची रांग, उन्हात उभे बैल. सुंदर होती. मी विचारलं, हे भिंतीवर का नाही काढत? म्हणाला, ‘कोणी मागत नाही ना.’

तेव्हा माझं मत बनलं, आणि ते अजून तेच आहे. त्याने वारली काढण्यात त्याची काही चूक नाही. चूक आमची झाली असती, कारण आम्हाला ४५ रुपयांत भिंत हवी होती आणि वर ‘आदिवासी कलेचा सन्मान’ अशी पाटीही हवी होती. नुसती छान भिंत हवी असेल तर त्याला बोलवा आणि त्याचे बैल काढू द्या. आदिवासींची कला हवी म्हणता, तर ती ज्यांची आहे त्यांच्याकडे जा, त्यांचा दर द्या आणि काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या. एकाच्या हाताने दुसऱ्याचं चित्र स्वस्तात काढून घेतलं की दोघांनाही गप्प केल्यासारखं होतं. काकांना हे पटलं असं म्हणणार नाही. त्यांना पटला तो हिशोब: फरक १,९४,४०० रुपयांचा, फ्लॅट १६८, म्हणजे एका घराला ११५७ रुपये. मतदान झालं, सात विरुद्ध चार. आतल्या बाजूच्या भिंतीसाठी बुलढाण्याच्या बैलांचा प्रस्तावही मी त्याच दिवशी टाकला. तो पुढच्या बजेटवर ढकलला गेलाय.

वर्क ऑर्डर लिहिताना एक गंमत कळली. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे आम्ही काहीच लिहिलं नसतं तर त्या वारली चित्राचा कॉपीराइट एका हाउसिंग सोसायटीकडे आला असता. म्हणून एक ओळ घातली: हक्क चित्रकाराकडे. दुसरी ओळ नावाची पाटी लावण्याबद्दल. तिसरी अशी की भिंत पाडायची किंवा पुन्हा रंगवायची झाली तर तीन महिने आधी चित्रकाराला कळवायचं.

तिसऱ्या ओळीमागे अमरनाथ सहगल यांची केस होती. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांनी ब्राँझचं प्रचंड म्युरल केलं होतं, १९६२ मध्ये पूर्ण झालेलं. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते काढून गोदामात टाकलं गेलं. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला आणि पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. सव्वीस वर्षं! काका म्हणाले, ‘ही ओळ ठेवच. कोर्टकचेरी परवडणार नाही.’ माणसं वेगवेगळ्या दारांनी एकाच खोलीत येतात.

चित्रकार आला तो आत्या आणि भाच्याला घेऊन. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, काय काढू? मी म्हटलं, दादा, तुम्ही ठरवा, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तो हसला. म्हणाला, सगळे आधी असंच म्हणतात, मग तारपा सांगतात.

त्याच्या वहीत तारपा नव्हता. क्रेन होत्या, समुद्रात भराव होता, होड्या होत्या. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, तो भाग त्याच्या ओळखीचा. एका पानावर मोजणीचे खांब आणि त्यांच्यामधून पळणारी कोंबडी होती. आमच्या सेक्रेटरींनी ते बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘पॉलिटिकल नको गं.’ ठरवायला दिलं होतं आम्हीच, आणि पहिल्याच पानावर आमचे पाय लटपटले. १९४५ मध्ये याच तलासरी-डहाणूत वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये तो लिहिलाय. नाचणाऱ्या वारल्यांशिवाय दुसरे वारली आपल्याला भिंतीवर का चालत नाहीत, हा प्रश्न मी सेक्रेटरींना विचारला. त्यांनी पार्किंगचा विषय काढला.

चित्रकाराने वाद घातला नाही. त्याने लोकल काढली. डहाणूहून चर्चगेटला जाणारी, २०१३ पासून सुरू झालेली लोकल, भिंतीच्या एका टोकापासून निघालेली. प्रत्येक खिडकीत कोणीतरी: चिकूच्या पाट्या, लॅपटॉपवाली मुलगी, झोपलेले मजूर, नवरी, दोन पोलीस, बकरी. मागे खाचरं, ताडाची झाडं, त्यावर चढलेला माणूस. एका डब्याच्या शेजारी अगदी लहान क्रेन आहेत, वाकून बघितल्या तरच दिसतात. आत्याने एका कोपऱ्यात वेलबुट्टीची पट्टी काढली आणि ती काढताना कोणाशी बोलल्या नाहीत. पाटीवर तिघांची नावं आहेत, त्यांचं नाव पहिलं. सोसायटीतली लहान मुलं आता त्या भिंतीवर डबे मोजतात.

२१० फुटांवर तो थांबला. शेवटचे तीस फूट भिंत डोंगराच्या तोंडाशी वळते. तिथे कमिटीला खारघरचा डोंगर, पांडवकडा आणि ‘आदिवासी पाडा’ हवा होता. तो नाही म्हणाला. ‘हा डोंगर माझा नाही. वर वाड्या आहेत ना, त्यांना विचारा. या तीस फुटांचे पैसे धरू नका.’

खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत. रायगड जिल्ह्याच्या या पट्ट्यात ठाकर आणि कातकरी आहेत, खाडीच्या बाजूला आगरी-कोळी. सिडको १९७० मध्ये आली आणि ९५ गावांची जमीन घेऊन हे शहर झालं. जानेवारी १९८४ मध्ये जासई भागात त्याच जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना माणसं गोळीबारात मेली. आपण पितो ते मोरबे धरणाचं पाणी खालापूर तालुक्यातून येतं, तिथेही पाण्याखाली गेलेली गावं आहेत. यातलं भिंतींवर फारसं कुठे नाही. भिंतींवर शंभर किलोमीटरवरचे वारली नाचतात. आदिवासी म्हटलं की वारली, हे आपण ठरवून टाकलंय, आणि त्यामुळे दाराशी राहणाऱ्या आदिवासीला चेहराच उरत नाही.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात स्टॅनली पार्क नावाचं मोठं उद्यान आहे. तिथले कोरीव टोटेम खांब बघायला जगभरचे लोक जातात. १९२० च्या दशकात शहरातल्या मंडळींनी ते उत्तरेकडून, अलर्ट बे वगैरे ठिकाणांहून विकत आणले. पार्क ज्यांच्या जमिनीवर आहे ते मस्क्वियम, स्क्वामिश वगैरे लोक वेगळे. खांब त्यांचे नव्हतेच. आणि खांब उभे राहत होते त्याच काळात तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना अतिक्रमण ठरवून हुसकावलं जात होतं. दूरच्या आदिवासींची कला आत, जवळचे आदिवासी बाहेर. २००८ मध्ये मस्क्वियम समाजाच्या सुझन पॉइंट यांनी कोरलेली लाल देवदाराची तीन प्रवेशद्वारं तिथे बसली, तेव्हा पहिल्यांदा त्या जागेवर त्या जागेच्या माणसांचं ठळक काही आलं. ऐंशी-नव्वद वर्षं लागली. आमच्या चित्रकाराने यातलं काही वाचलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात न विचारता चौक काढायचा नसतो, एवढं त्याला ठाऊक होतं.

मग मी विचारायला गेले. म्हणजे वर गेले नाही, त्या रोज खालीच येतात. पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कुरडू, कंटोळी घेऊन बायका उतरतात आणि आमच्या भिंतीपाशी थोडा वेळ टेकून मार्केटकडे जातात. मी एका मावशींना कंटोळी घेता घेता सांगितलं की ही जागा मोकळी आहे, तुमच्या डोंगराचं, वाडीचं काही काढायचं असेल तर कोण काढेल, काय काढावं? त्यांनी भिंतीकडे बघितलं, लोकलकडे बघितलं, शेजारणीला काहीतरी म्हणाल्या, दोघी हसल्या. मग म्हणाल्या, ‘चित्र काढा काय पण. इथं बसू द्या आम्हाला. तुमचा वॉचमन उठवतो.’

वॉचमन उठवतो, कारण त्याला तसं लेखी सांगितलंय. कमिटीचा जुना ठराव आहे, फेरीवाले भिंतीलगत नकोत. मी तो शोधून काढला. एका ओळीचा आहे.

आता प्रस्ताव असा आहे: त्या तीस फुटांत चित्र नाही. वर पत्र्याची शेड, खाली सिमेंटचा कट्टा, सकाळी सात ते अकरा वाडीवरच्या बायकांना बसायला. मी टेपने मोजलं, पाट्या मांडून आठजणी नीट बसतात. खर्च तीस फुटांच्या वाचलेल्या ३२,४०० रुपयांत भागेल असं काकांचं म्हणणं, आणि यावेळी ते माझ्या बाजूने आहेत. त्यांना ताजी शेवळं दाराशी हवीत. विरोध आहे तो लोकल आवडलेल्यांपैकीच काहींचा. शेडमुळे चित्राचा शेवटचा डबा झाकला जाईल, फोटोत येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तलासरीला फोन करून शेडबद्दल कळवलं, कारण तिसरी ओळ. चित्रकार म्हणाला, झाकू दे, फक्त पाणी भिंतीवर उतरणार नाही असा उतार द्या.